नेमकं काय आवडलं? सोलापुरातल्या नव्या चाहत्यांसाठी

सोलापुरात थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या कुणालाही ‘कसा वाटला पिक्चर?’ असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा ‘लय भारी बे!’ किंवा ‘टाइमपास’ असं येतं. ही दाद खरी असते, मनापासून दिलेली असते. पण त्यावर ‘का भारी?’ असं विचारलं की बोलणं अडतं. मग हिरोचं नाव येतं, कमाईचा आकडा येतो, यूट्यूबवर कुणी काय म्हटलं ते येतं. आपल्याला स्वतःला काय दिसलं, काय ऐकू आलं, कुठे घशात आवंढा आला, ते मात्र मनातच राहतं.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. सिनेमे, मालिका, पॉडकास्ट आणि गेम यांची गोडी ज्यांना नुकती लागली आहे, त्यांनी कुठून सुरुवात करावी, बघताना कशाकडे लक्ष द्यावं, काय टिपावं आणि चारचौघांत कसं बोलावं, हे मी क्रमाने सांगते. माझं म्हणणं एवढंच आहे की आवड आपली स्वतःची असावी आणि ती कलाकृतीतल्या एका ठरावीक जागेवर बोट ठेवून सांगता यावी. बाकीचं सरावाने जमतं.

पहिली पायरी: याद्या बाजूला ठेवा

‘मरण्याआधी बघायलाच हवेत’ अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. सुरुवात तिथून करू नका. एक वही घ्या आणि जे तुम्ही कुणीही न सांगता पुन्हा बघितलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा खेळलात, त्यांची नावं लिहा. लहानपणी टीव्हीवर लागला की हातातलं काम सोडून बघितलेला विनोदी सिनेमा असेल, एखादी ॲनिमे मालिका असेल, मोबाइलवरचा साधा गेम असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण एखाद्या गोष्टीकडे परत का जातो, हे आपल्या आवडीचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर असतं.

प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: परत गेल्यावर तुम्ही कशाची वाट बघत होतात? एखाद्या संवादाची, गाण्याची, भांडणाची, की एका ठरावीक माणसाच्या येण्याची? पाचपैकी किती तारे, हा हिशेब इथे आणू नका. आकडा लिहिला की विचार तिथेच थांबतो. निदान सुरुवातीचे काही महिने तरी तारे देऊच नका.

दुसरी पायरी: सिनेमातला एक प्रसंग धरा

संपूर्ण सिनेमावर एकदम मत देणं नवख्याला जड जातं. म्हणून एकच प्रसंग निवडा आणि तो तीनदा बघा. एकदा नेहमीसारखा. मग आवाज बंद करून, म्हणजे कॅमेरा कुठे आहे, किती वेळ हलत नाही, माणसं चौकटीत कुठे उभी आहेत, हे दिसायला लागतं. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका.

हा सराव आपल्याच जिल्ह्यातल्या सिनेमापासून करा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला तेव्हा आपल्याकडच्या लोकांना पडद्यावर आपली बोली, आपलं रान आणि आपली धूळ दिसली. त्या ओळखीचा आनंद मोठा होता, पण ओळख पटली म्हणून सिनेमा चांगला, एवढ्यावर थांबू नका. त्याचा शेवट एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो उघडपणे बोलता येतो. अजय-अतुल यांनी या सिनेमाच्या संगीतातला सिम्फनी वाद्यवृंदाचा भाग हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. पूर्वार्धात त्या संगीताने कान नुसते भरून जातात. विहीर, ऊस, घोडा, बुलेट, सगळ्याला संगीताची साथ आहे. आणि शेवटच्या प्रसंगात आवाजच काढून घेतला आहे. लहान मूल चालतं आणि काहीही ऐकू येत नाही. आधी एवढं दिलं नसतं, तर हे काढून घेणं इतकं लागलं नसतं. ‘शेवट हादरवून टाकतो’ असं सगळेच म्हणतात. पण ‘आवाज गेला म्हणून हादरलो’ असं म्हणणारा माणूस स्वतःचं मत सांगत असतो.

तरीही मला स्वतःला ‘फँड्री’ जास्त घट्ट सिनेमा वाटतो. मंजुळे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा २०१३ मध्ये महोत्सवांत दाखवला गेला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत थिएटरांत आला. त्यात डुकरं पकडण्याचा लांबलचक प्रसंग आहे. नायक जब्या या शाळकरी मुलाचं अख्खं कुटुंब धावतंय, गाव बघून हसतंय, आणि मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निसटतं. हा प्रसंग आवाज बंद करून बघितला तर काहीच कळत नाही, फक्त माणसं का थांबली असा प्रश्न पडतो. आवाजासह बघितला की हसू येतं आणि लगेच ते हसू घशात अडकतं. ‘सैराट’ दोन सिनेमांइतका पसरलेला आहे, त्यातलं काही सैल आहे. ‘फँड्री’तला एकही प्रसंग मला काढून टाकता येत नाही. तुम्हाला उलट वाटत असेल तर उत्तम, फक्त कोणता प्रसंग, ते सांगा.

याच रीतीने चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ बघा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी अनेकजण तो पंधरा मिनिटांत बंद करतात, कारण कॅमेरा हलत नाही. नवख्याला मी सांगेन की कॅमेरा हलत नाही तेव्हा तुमचा डोळा हलू द्या. कोर्टाच्या खोलीत मागे कोण बसलंय, कोण पेंगतंय, कोण कागद शोधतंय, ते बघा. जो कंटाळा वाटतो तो त्या व्यवस्थेचा कंटाळा आहे आणि दिग्दर्शकाला तो तुमच्यापर्यंत पोचवायचाच आहे.

खऱ्या घटनेवरचा सिनेमा बघताना आणखी एक काम वाढतं. सोलापूरकरांसाठी याचं उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेला, तिथेच राहिला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला, मुख्य भूमिका स्वतः केली, चिनी पत्नीच्या भूमिकेत जयश्री होत्या. शहरात डॉक्टरांचं स्मारक आहे. आधी ते बघा, मग सिनेमा बघा, आणि दिग्दर्शकाने काय वाढवलं, काय गाळलं याचा विचार करा. ‘हे असं घडलंच नव्हतं’ ही झाली माहिती. ते तसं का दाखवलं असेल, यावर तुम्ही जे म्हणाल ते तुमचं मत.

तिसरी पायरी: शहराच्या भाषांचा फायदा घ्या

हा फायदा पुण्या-मुंबईच्या चाहत्याला इतक्या सहज मिळत नाही. आपल्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे आणि दक्षिण सोलापुरात कन्नड. मराठी, हिंदी, दखनी तर आहेच. तेलुगू सिनेमा आपल्याकडे ‘साउथचा पिक्चर’ म्हणून येत नाही, तो शेजाऱ्याच्या भाषेतला सिनेमा असतो.

म्हणून डब केलेलं बघायची घाई करू नका. आधी मूळ भाषेत, खाली सबटायटल लावून बघा. ओटीटीवर सिनेमा सुरू करण्याआधी ऑडिओचा पर्याय उघडून मूळ भाषा कोणती आहे ते तपासा, कारण पुष्कळदा आपोआप हिंदीच लागलेलं असतं. मग वर्गातल्या, कारखान्यातल्या, गल्लीतल्या तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या माणसाला विचारा: हा माणूस कुठल्या भागातली भाषा बोलतोय? ही शिवी किती जड आहे? सगळे हसले तेव्हा नेमकं काय म्हणाला? ‘आरआरआर’मधल्या ‘नाटू नाटू’ला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. त्या गाण्याचे मूळ तेलुगू शब्द एकदा समजून घ्या, तिखट, माती आणि गावची जत्रा त्यात कशी आली आहे ते कळलं की हिंदी रूप फिकं वाटायला लागतं. ‘कांतारा’ या कन्नड सिनेमात किनारी कर्नाटकातला भूतकोला, म्हणजे अंगात दैवत येण्याचा विधी, आहे. कन्नड बोलणाऱ्या आपल्या इकडच्या माणसालाही तो भाग लांबचाच आहे. त्याला तो कसा वाटला हेही ऐकण्यासारखं असतं. आणि ‘सैराट’चा उत्तरार्ध हैदराबादला जातो, तिथलं तेलुगू आर्ची-परश्याला सुरुवातीला कळत नाही. पूर्व भागातल्या प्रेक्षकाला मात्र कळतं. एकाच थिएटरात दोन शेजारी त्या सिनेमात वेगवेगळ्या जागी उभे असतात. याविषयी कुणी लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही. तुम्ही लिहा.

थिएटरविषयी माझं मत ठाम आहे. मोठ्या ताऱ्याचा सिनेमा गर्दीतच बघावा. शिट्ट्या, कागदाचे तुकडे, नायकाच्या एंट्रीला अख्खी रांग उभी राहणं, हे त्या सिनेमात धरलेलंच असतं. दिग्दर्शकाने त्या आरोळीसाठी दोन सेकंद मोकळी जागा ठेवलेली असते. घरी मोबाइलवर तीच जागा रिकामी वाटते आणि आपण दिग्दर्शकाला नावं ठेवतो. शांत सिनेमा मात्र आठवड्याच्या मधल्या दुपारच्या शोला बघा, हॉलच्या मागच्या एक-तृतीयांश भागातली मधली खुर्ची घेऊन. आणि थिएटरात चोरून चित्रित केलेल्या प्रिंटवर कधीही मत देऊ नका. त्यात रंग मेलेले असतात, आवाज हॉलचा असतो, चौकटीच्या कडा कापलेल्या असतात. कुणाची दोन वर्षांची मेहनत अशा प्रिंटवरून तोलणं अन्यायाचं आहे.

चौथी पायरी: मालिका सावकाश बघा

आधी सेटिंगमध्ये जाऊन ‘पुढचा भाग आपोआप सुरू’ हा पर्याय बंद करा. नेटफ्लिक्सवर तो प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये असतो, बाकीच्या बऱ्याच ॲपमध्येही शोधला तर सापडतो. भाग संपला की नावं वर सरकत असताना दोन ओळी लिहा, मगच पुढचा भाग. रात्रभरात संपवलेल्या मालिकेतून दुसऱ्या दिवशी फक्त शेवट आठवतो, आणि मालिकेचं खरं लेखन मधल्या भागांत कळतं.

लांबीचा अंदाज घेऊन निवडा. ‘ब्रेकिंग बॅड’चे पाच पर्वांत ६२ भाग आहेत, ती सुरुवातीला नको. अणुभट्टीच्या दुर्घटनेवरची ‘चेर्नोबिल’ पाच भागांची आहे, ती आधी. ‘स्कॅम १९९२’ दहा भागांची. मराठीत सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेलं ‘समांतर’चं पहिलं पर्व छोटं आहे आणि सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर आहे, त्यामुळे पुस्तक आणि मालिका शेजारी ठेवून बघता येतात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं ग्रंथालय शहरात असताना हा सराव न करणं म्हणजे हातातलं सोडणं आहे.

माझी आवडती तुलना ‘पंचायत’ या हिंदी मालिकेच्या पर्वांमध्ये आहे. पहिल्या पर्वात भांडण कशावरून होतं? चाकाच्या खुर्चीवरून. चोरी कशाची होते? कॉम्प्युटरच्या मॉनिटरची. भीती कशाची? एका झाडावरच्या भुताची. गोष्टी इतक्या लहान आहेत की माणसं मोठी दिसतात. पुढच्या पर्वांत राजकारण, गोळीबार, निवडणूक असं सगळं वाढत जातं. ते रंगतंही, पण गावात नोकरीला आलेल्या सचिवजींच्या एकट्या संध्याकाळी मला पुन्हा तशा मिळाल्या नाहीत. तुमचं मत याउलट असेल तर नंतरच्या पर्वातला असाच एक लहान प्रसंग शोधून मला उत्तर द्या.

घरी रात्री जेवताना लागणाऱ्या दैनिक मालिकांना हसू नका. आई, आज्जी त्यांतल्या पात्रांवर जे बोलतात ती चांगली समीक्षा असते. ‘ही असं वागणारच नाही, मागच्या महिन्यात ती काय म्हणाली होती?’ हे वाक्य पात्ररचनेवरचा नेमका आक्षेप आहे. कान देऊन ऐका.

पाचवी पायरी: पॉडकास्ट, आणि कान तयार करणं

आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या घरांना नुसत्या आवाजावर गोष्ट पेलते हे वेगळं सांगायला नको. नव्यांना मात्र कान तयार करावे लागतात.

‘चेर्नोबिल’ बघितली असेल तर तिच्या सोबतीला काढलेला पॉडकास्ट ऐका. तिचे लेखक क्रेग मेझिन त्यात भागागणिक सांगतात की खरं काय होतं आणि आपण काय बदललं. शेवटच्या भागातल्या खटल्यात शास्त्रज्ञ लेगासोव्ह उभे राहून बोलतात, प्रत्यक्षात ते त्या खटल्याला हजर नव्हते. उलाना खोम्युक ही एक बाई नाहीच, अनेक शास्त्रज्ञांना मिळून केलेलं ते पात्र आहे. लेखक स्वतः हे मोकळेपणाने सांगतो, तेव्हा आपण मत कसं मांडावं याचाही धडा मिळतो. सत्यघटनेचा शोध घेणारी कथा हवी असेल तर २०१४ मधलं ‘सीरियल’चं पहिलं पर्व, बारा भागांचं. मराठी गप्पांसाठी ‘व्हायफळ’ आणि ‘अमुक तमुक’. कानाला आणि विचाराला दम असेल तर अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’, त्यातले पुष्कळ भाग कित्येक तासांचे असतात.

गप्पांचा पॉडकास्ट कसा जोखायचा? पाहुण्याचं उत्तर संपल्यावर यजमान काय करतो ते बघा. कागदावरचा पुढचा प्रश्न विचारतो, की आत्ता ऐकलेल्या उत्तरातून नवा प्रश्न काढतो? दुसरं जमत असेल तर तो ऐकतोय. पाहुणा अडखळला, गप्प झाला, तर यजमान ती शांतता भरून टाकतो की राहू देतो? माझ्या आवडत्या भागांत अशी शांतता हमखास असते.

व्यवहाराचं थोडं. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायला साधारण चार तास लागतात, लांब भागासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. आदल्या रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवा, वाटेत नेटवर्क तुटतं. गप्पा दीडपट वेगाने ऐकल्या तरी चालतं, कथा मात्र मूळ वेगानेच ऐका, कारण थांबे हा कथेचा भाग असतो. काही लागलं तर मिनिट आणि सेकंद टिपून ठेवा, नंतर तासाभराच्या भागात ती जागा सापडत नाही.

सहावी पायरी: गेमवर बोलताना हाताविषयी बोला

गेमला अजूनही पुष्कळ घरांत ‘वेळ वाया’ म्हणतात. मला ते मनापासून खटकतं, कारण सिनेमाला न जमणारी एक गोष्ट गेमला जमते: तो तुम्हाला बघायला नाही, करायला लावतो. म्हणून गेमचं मत देताना गोष्ट सांगत बसू नका. हाताला काय करावं लागलं आणि ते करताना मनात काय झालं, ते सांगा.

‘पेपर्स, प्लीज’ घ्या. लुकास पोप या माणसाने २०१३ मध्ये काढलेला हा गेम आता फोनवरही मिळतो. तुम्ही सीमेवरचे कारकून आहात. कागद तपासायचे, शिक्का मारायचा. चूक झाली की दंड, दंड झाला की घरच्यांच्या जेवणाला, औषधाला, शेगडीला पैसे कमी. एक बाई येते, कागद अपुरे आहेत, नवरा आत्ताच पलीकडे गेलाय. तुमच्या हातात शिक्का आहे. कोणताही सिनेमा इथे तुम्हाला फक्त कारकुनाचा चेहरा दाखवेल, इथे तो चेहरा तुमचा असतो. सोलापुरात ज्याने कुठल्याही खिडकीसमोर एका कागदासाठी खेटे घातले आहेत, त्याने हा गेम खिडकीच्या पलीकडे बसून खेळून बघावाच.

‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन यांनी एकट्याने तयार केला, २०१६ मध्ये तो आला. शेत मिळतं, बी पेरायचं, झारीने पाणी घालायचं. घरातला टीव्ही उद्याचं हवामान सांगतो आणि पाऊस पडला की त्या दिवशी पाणी घालावं लागत नाही. तो अंदाज कधी चुकत नाही. ज्वारीच्या रब्बीसाठी परतीच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलाला हे खेळताना जे वाटतं, ते अमेरिकेतल्या खेळाडूला वाटणार नाही. बहुतेक लोक या गेमला ‘निवांत’ म्हणतात. मला त्यातला निवांतपणा म्हणजे भरवशाचा पाऊस वाटतो, आणि म्हणूनच तो गेम मला खेळताना हळवं करतो.

अगदी नवखे असाल तर फोनवरचा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ घ्या, थोड्याच वेळात संपतो आणि डोळ्याला सुख देतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ही खेळा, आपल्या पुराणकथांतून आणि वास्तुशिल्पातून आलेला गेम कसा दिसतो ते त्यात कळतं. हाणामारी मला त्यात थोडी अडखळती वाटते, भिंतींवरची चित्रं मात्र थांबून बघावी अशी आहेत. ‘बीजीएमआय’ हा मोबाइलवरचा लढाईचा गेम गटाने खेळणाऱ्यांनी निकालापेक्षा चौघांचं बोलणं टिपावं. कोण आधी मागे फिरायला सांगतो, कोण पडलेल्या गड्याला उचलायला धावतो, त्यात त्या गेमची खरी गोष्ट आहे.

पैशांचं भान ठेवा. कॉम्प्युटरवर एपिक गेम्स स्टोअर हे ऑनलाइन दुकान दर आठवड्याला काही ना काही फुकट देतं. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम आवडला नाही तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या दीड तासातच ठरवा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम हा या लेखाचा विषयच नाही. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे, त्यांच्या जाहिरातींना भुलू नका.

सातवी पायरी: नोंद

वहीतली नोंद लांब नको. नाव, तारीख, कुठे आणि कुणासोबत, कोणत्या भाषेत. त्याखाली एक जागा जी लागली, एक जागा जी पटली नाही, आणि मनात राहिलेला एक प्रश्न. उदाहरणार्थ:

*‘फँड्री’. घरी, ताईसोबत. मराठी. लागलं: राष्ट्रगीताला सगळे थांबतात तेव्हा जब्याची बहीणसुद्धा थांबते, पळून पळून तिला श्वास लागलाय तरी. पटलं नाही: जब्याला आवडणारी शालू त्याच्या नजरेबाहेर कोण आहे ते कळत नाही. प्रश्न: की ते कळू नये असंच ठरवलंय?*

हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. आक्षेपाचा प्रश्न करून ठेवला की पुढच्या वेळी बघताना उत्तर शोधता येतं. पुन्हा बघून मत बदललं तर जुनं खोडू नका, खाली नवी तारीख घालून नवं लिहा.

आठवी पायरी: चारचौघांत

चहाच्या टपरीवर असो, हुरड्याला शेतावर असो किंवा हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक सुटल्यावर पायऱ्यांवर असो, बोलण्याआधी विचारा, ‘बघितलास का बे?’ नाही म्हणाला तर शेवट सांगायचा नाही. बघितलेल्यांशी वाद झाला तर ‘तुला कळलंच नाही’ असं म्हणू नका. ‘कुठला सीन?’ एवढं विचारा. त्या दोन शब्दांनी अर्धे वाद निवळतात आणि उरलेले अर्धे खरोखर रंगतात.

मोठ्या माणसांशी बोलताना त्यांचा सिनेमा ‘जुना’ म्हणून बाजूला सारू नका. काकांना विचारा की तो कुठल्या थिएटरात बघितला, सोबत कोण होतं, तिकिटासाठी किती वेळ उभे होते. गिरणीचा भोंगा, पाळी सुटल्यावरचा शो, भागवत थिएटरच्या आवारातली गर्दी, असं काय काय ऐकायला मिळतं. सोलापुरात जन्मलेल्या शशिकला यांचं नाव काढून बघा. त्यांनी रंगवलेल्या खाष्ट बायकांवर तुमची आत्या तासभर बोलेल, आणि त्यातलं अर्धं तुम्हाला कुठे वाचायला मिळणार नाही.

नववी पायरी: नावं धरून पुढे जा

पुढे काय बघायचं हे ॲपच्या शिफारशीवर सोडू नका. शेवटी वर सरकणारी नावं वाचा आणि त्यातलं एक धरा. नटाचं धरायलाच हवं असं नाही. ‘सैराट’चं छायाचित्रण सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचं आहे. ते रान, ते पाणी, तो संध्याकाळचा उजेड आवडला असेल तर त्यांनीच दिग्दर्शित केलेला २०१८ चा ‘नाळ’ बघा. लहान मुलाच्या उंचीवर आलेला कॅमेरा तुम्हाला लगेच ओळखू येईल. ‘किल्ला’ आवडला तर अविनाश अरुण हे नाव धरा. ‘पाताल लोक’च्या दिग्दर्शनात ते आहेत, आणि ‘थ्री ऑफ अस’ हा त्यांचा हिंदी सिनेमा पुन्हा कोकणातच जातो. ‘पेपर्स, प्लीज’ आवडला तर लुकास पोप यांचाच ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’, एका रिकाम्या जहाजावर कोण कसा मेला हे शोधायचा गेम.

काही नावं तर एका माध्यमातून दुसऱ्यात नेतात. ‘चेर्नोबिल’चे क्रेग मेझिन यांनी पुढे नील ड्रकमन यांच्यासोबत ‘द लास्ट ऑफ अस’ ही मालिका केली, २०२३ मध्ये. ती २०१३ च्या त्याच नावाच्या गेमवर आहे. गेममध्ये तुम्ही बिल नावाच्या माणसाच्या गावात पोचता तेव्हा त्याचा जोडीदार फ्रँक आधीच मेलेला असतो, एक कडवट चिठ्ठी मागे ठेवून. मालिकेच्या तिसऱ्या भागात मात्र त्या दोघांचं अख्खं आयुष्य आहे, म्हातारपणापर्यंत. गेमला तुम्हाला सतत पुढे चालवत ठेवायचं होतं, मालिकेला तासभर एका घरात थांबणं परवडलं. मला मालिकेतला भाग जास्त आवडतो, पण मोठा गेम खेळणारे माझे मित्र ती चिठ्ठीच बरी म्हणतात, आणि त्यांच्याकडे त्याची कारणं आहेत. गेम मिळत नसेल तर कुणाच्या तरी घरी जाऊन तेवढाच भाग खेळू द्यायला सांगा, मालिकेचा तिसरा भाग त्याच संध्याकाळी बघा, आणि वहीत दोन्हींच्या नोंदी समोरासमोरच्या पानांवर करा.